गुरुवारची किल्ली

हिंटरमोस फुटबॉल क्लबचा अध्यक्ष कोण, असं त्र्याहत्तर सालच्या शरदात कुणी विचारलं असतं तर निम्म्या गावाने डोकं खाजवलं असतं. क्लबचे कपडे कोण धुतं, हे मात्र शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. लीना क्युमिन.

लीना बुटकी, दंडाने भक्कम आणि आवाजाने त्याहून भक्कम. तिला मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की ती फटकन म्हणायची, "अकरा आहेत की! आणि सगळी एकाच दिवशी घाण होऊन येतात." प्रशिक्षक केलिन रविवारी दीड तासापुरती तिची पोरं उसनी नेतो, अशीच तिची समजूत होती. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला कधी कळलं नाही आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. तिचा खेळ वेगळा होता. चिखल निघतो, गवताचा हिरवा डाग निघत नाही. त्यामुळे चेंडू अडवायला गवतावरून घसरत जाणारा चार नंबरचा फ्रान्त्स तिच्या लेखी गावातला सगळ्यात उद्धट मुलगा होता. उजव्या बाजूचा मार्सेल मात्र गुणी. त्याचा शर्ट जसा जायचा तसाच यायचा. केलिन याच कारणासाठी मार्सेलच्या नावाने खडे फोडायचा, पण लीनासमोर नाही.

क्युमिन नवरा-बायको दूधसंघाशेजारच्या पिवळ्या इमारतीत राहत. सहा बिऱ्हाडं, तळघरात एक धुणीघर, एक मशीन, एक किल्ली. आठवड्याचे सहा दिवस सहा बिऱ्हाडांत वाटलेले. रविवारी तर दोरीवर हातरुमालसुद्धा दिसता कामा नये. ज्याचा वार असेल त्याने संध्याकाळी मशीन आतून कोरडं पुसायचं, मोरीच्या जाळीतले धागे काढायचे आणि किल्ली पुढच्याच्या हातात द्यायची. आमच्याकडे माणूस एक वेळ चर्च सोडेल, पक्ष सोडेल, बायकोही सोडेल. धुण्याचा वार सोडत नाही. लीनाचा वार सोमवार. रविवारच्या मॅचनंतरचा, म्हणजे सोन्यासारखा.

गुरुवार तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ श्टायनेगरांचा. ही विधवा बाई उंच, सरळ आणि इस्त्री केल्यासारखी. एकदा पावसाची झड लागली तेव्हा लीनाचे शर्ट सोमवारपासून वाळतच राहिले आणि गुरुवारच्या दोरीवर सापडले. फ्राउ श्टायनेगरांनी ते सगळे काढले, घड्या घातल्या, मोज्यांच्या जोड्या लावल्या आणि ढीग लीनाच्या दारात ठेवून दिला. वर एक कागद. कागदावर एकच शब्द: 'गुरुवार'. भांडली असती तर लीनाने दोन दिवसांत विसरून टाकलं असतं. पण त्या जोड्या लावलेल्या मोज्यांनी ती जी पेटली, ती पेटलीच. तेव्हापासून दोघींमध्ये जिन्यावरच्या नमस्काराच्या "ग्र्युएत्सी"पलीकडे एक शब्द नव्हता.

त्या मोसमात हिंटरमोस लीगमध्ये तळाला होतं, त्यात नवीन काही नाही. पण कपमध्ये काय झालं देव जाणे. आमच्या पोरांनी वरच्या वर्गातल्या एका संघाला हरवलं आणि पुढच्या फेरीच्या चिठ्ठीत निघाला थेट शहरातला बडा क्लब, अव्वल वर्गातला! धाकट्याच्या मैदानावर थोरल्याने यायचं हा कपचा रिवाज. म्हणजे ते लोक बस घेऊन आमच्या गावात येणार, गोठ्यामागच्या आमच्या मैदानावर खेळणार. गावाला वेड लागलं. खाटकाने चौपट सॉसेजेस बनवायला घेतले. फादरनी शनिवार संध्याकाळची प्रार्थना पुढे ढकलली. लीनाचा नवरा विसी लाकडाच्या वखारीत काम करायचा आणि क्लबच्या सामानाची जबाबदारी सांभाळायचा. तो एकेका चेंडूत हवा भरून कानाशी धरून ऐकत बसायचा.

आणि नेमकी आदल्या रविवारची लीगची मॅच पावसाने वाहून गेली. ती बुधवारी संध्याकाळी खेळा, असा वरून हुकूम आला. बुधवारी चिखलात लोळून आमचे लोक हरले, आणि शर्ट टोपलीतून घरी आले ते ओळखू येण्याच्या पलीकडचे. शनिवारी कप. दुसरा संच नाही. असायचा एक, पण तो वसंतात लीनाने जरा जास्तच उकळला आणि आता तो गावातली लहान पोरं घालतात. तो विषय लीनासमोर काढायचा नाही.

"आपल्या टबात धू," विसी म्हणाला.

"मागे टबात धुतले तेव्हा कुणाच्या छताला धार लागली होती, आठवतं? खालच्या गव्हेर्डरच्या. त्याचा शुक्रवार आहे, चार पोरांची लंगोटं आहेत. तो देईल किल्ली?"

"नाही देणार."

"आणि दिली तरी या हवेत एका रात्रीत वाळतात का शर्ट? उद्याच धुवायला पाहिजेत."

"उद्या गुरुवार," विसी म्हणाला आणि लगेच वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेला.

लीनाने अॅप्रन बदलला, केस नीट केले आणि तिसऱ्या मजल्याची घंटा वाजवली. बड्या क्लबशी दोन हात करायचे होते ते पोरांना. तिच्या वाट्याला हे आलं होतं.

"ग्र्युएत्सी, फ्राउ श्टायनेगर."

"फ्राउ क्युमिन. आज बुधवार आहे."

"ते माहीत आहे हो मला. उद्याचा तुमचा गुरुवार…"

"माझाच आहे."

"फक्त सकाळपुरता द्या. बदल्यात माझा सोमवार घ्या. अख्खा! शनिवारी कपची मॅच आहे, सगळं गाव…"

"मॅच शनिवारी आहे ना? मग शनिवारवाल्यांना विचारा."

"शनिवारी ओले शर्ट घालून खेळतील का पोरं?"

"मला खेळातलं काही कळत नाही," फ्राउ श्टायनेगर म्हणाल्या. "गुरुवार मी कुणाला देत नाही. आमचे हे गेले त्या आठवड्यातही दिला नाही."

लीना वळली आणि एकेक पायरी आपटत उतरू लागली. मनातल्या मनात ती त्या बाईला जे म्हणत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक मजला उतरते न उतरते तोच वरून आवाज आला.

"फ्राउ क्युमिन! टोपली आणून द्या."

"काय?"

"किल्ली नाही देणार. धुणं मी धुते."

नकार परवडला असता. लीना घरी येऊन खुर्चीत बसली ती तोंडात मारल्यासारखी. एवढ्या वर्षांत त्या शर्टांना तिच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. दोन नंबरच्या काखेतली शिवण, नऊ नंबरची ढिली गळपट्टी, सगळं तिच्या बोटांना पाठ.

"विसी, त्या बाईच्या हातात देऊ मी माझी पोरं?"

"मग काय उघडी खेळतील?" वर्तमानपत्रामागून उत्तर आलं.

तिने टोपली वर नेली. सूचना देण्यासाठी तोंड उघडलं, "गवताच्या डागाला आधी…" पण टोपली आत गेली होती आणि दार बंद झालं होतं.

गुरुवारी लीनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. बटाटे आणायच्या निमित्ताने ती तळघरात उतरली. धुणीघराचं दार बंद. थोड्या वेळाने तिला आणखी बटाटे लागले. दार बंदच. तिसऱ्यांदा बटाटे लागले तेव्हा मात्र वाफ बाहेर जावी म्हणून दार किलकिलं ठेवलेलं होतं, आणि लीना परडी पोटाशी धरून फटीला डोळा लावून उभी राहिली.

फ्राउ श्टायनेगरांच्या बाह्या कोपरावर चढवलेल्या होत्या. गाल लाल झाले होते, आणि केसांची एक बट सुटून कपाळावर आली होती. त्या चार नंबरचा शर्ट दोन्ही हातांत उंच धरून त्याच्याशी बोलत होत्या.

"कुठे लोळलास रे एवढा? आं? घरी आई नाही का कुणी ओरडायला? थांब, तुला दाखवते मी."

आणि पुन्हा घासायला लागल्या. गुणगुणत होत्या.

लीनाला हसू फुटणार होतं, तेवढ्यात तिची नजर पलीकडच्या दोरीवर गेली. तिथे फ्राउ श्टायनेगरांचं स्वतःचं धुणं वाळत होतं. एक चादर. एक उशीचा अभ्रा. दोन टॉवेल, एक झोपायचा गाऊन. बस्स. हे सकाळच्या कॉफीआधी बादलीत उरकलं असतं. आणि एवढ्यासाठी ही बाई दर गुरुवारी अॅप्रन बांधून खाली यायची, संध्याकाळपर्यंत किल्ली सोडायची नाही, आणि लोक तिला हट्टी म्हणायचे. सगळ्यांत मोठ्याने लीनाच म्हणायची.

लीनाला फार वाईट वाटलं. हट्ट कसला, त्या बाईच्या आठवड्यात गुरुवार सोडून काही नव्हतंच. ती आवाज न करता वर आली. क्युमिनांकडे पुढे रविवारपर्यंत जेवायला बटाटेच होते, आणि विसीने का म्हणून विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टोपली परत आली. फ्राउ श्टायनेगर तरुणपणी तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात चादरी-टेबलक्लॉथच्या खात्यात होत्या, हे लीनाने नुसतं ऐकलं होतं, ते तेव्हा पटलं. कारण अकराच्या अकरा शर्टांना कडक खळ घातलेली होती आणि बाह्यांवर इस्त्रीच्या धारदार घड्या होत्या. शर्ट टेबलावर उभा केला तर उभा राहिला असता.

"हे काय आहे?" शनिवारी कपडे बदलताना फ्रान्त्स ओरडला. "हात वर होत नाही माझा!"

"तुला हात कशाला पाहिजेत? फुटबॉल पायांनी खेळतात," लीना म्हणाली. खेळाविषयी तिने दिलेला हा एकुलता एक सल्ला.

आमचा संघ मैदानात आला तो खडखड वाजत. बड्या क्लबचे लोक आधी हसले, मग त्यांच्यातल्या एकाने स्वतःचा चुरगळलेला शर्ट हळूच खाली ओढला. कुंपणाशी सारा गाव होता, वाजवायला गाईंच्या घंटा, धूर, सॉसेज, सफरचंदाची दारू. आणि लीनाशेजारी, हॅट घालून आणि छत्री घेऊन, फ्राउ श्टायनेगर येऊन उभ्या राहिल्या.

"मी मॅच बघायला आलेली नाही," त्यांनी आधीच स्पष्ट केलं. "कपड्यांचं काय करतात ते बघायला आलेय."

कपड्यांचं जे व्हायचं तेच झालं. पाऊस आला, आणि मध्यंतरापर्यंत आम्ही तीन गोल खाल्ले होते. पण फ्राउ श्टायनेगरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. बड्या क्लबच्या एका दांडग्याने फ्रान्त्सचा शर्ट मागून धरला, तशा त्या कुंपणावरून अर्ध्या पलीकडे वाकल्या.

"ए! हात काढ! हात काढ म्हणते ना! तुझ्या आईने इस्त्री केलाय का तो?"

घंटा थांबल्या. फादरनी मागे वळून पाहिलं. लीना तोंडात स्कार्फ कोंबून हसत होती.

पाच गोल झाल्यावर आम्हाला एक कॉर्नर मिळाला. त्याच दांडग्याने पुन्हा फ्रान्त्सचा शर्ट मुठीत पकडला. पण पावसात भिजून खळीचा झाला होता बुळबुळीत चिकट लगदा. मूठ सटकली, दांडगा चिखलात बसला, आणि फ्रान्त्सने मोकळं सुटून डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. सहा-एकने हरलो आम्ही, पण तो एक गोल गावाने असा साजरा केला की बडा क्लब बसमधून खाली उतरून बघायला लागला, आपण जिंकलो की नाही म्हणून. फ्राउ श्टायनेगर हॅट हातात घेऊन उभ्या होत्या आणि आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होत्या, "चार नंबर. तो माझा. फार लोळतो, पण मनाने चांगला आहे."

लीनाने ते 'माझा' ऐकलं. तिला ते लागलं, आणि बरंही वाटलं. कशाचं पारडं जड हे तिचं तिलाच कळेना.

सोमवारी टोपली लीनाच्या पुढ्यात होती. किल्ली तिची, वार तिचा. कपमधून आपण बाहेर, लीग पहिल्यासारखी रविवारची; बुधवारची भानगड पुन्हा होणार नव्हती. तिने चड्ड्या आणि मोजे मशीनमध्ये टाकले. मग शर्ट हातात घेतले, खाली ठेवले, पुन्हा घेतले. शेवटी टोपलीत भरून ती तिसऱ्या मजल्यावर गेली.

"फ्राउ श्टायनेगर, हे माझ्या सोमवारात मावत नाहीत."

"मावत नाहीत?" फ्राउ श्टायनेगरांनी टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "इतकी वर्षं मावत होते."

"आता नाही मावत."

"गुरुवारपर्यंत चिखल वाळून दगड होईल."

"तुम्हाला जमेल. मला नाही जमत."

हे धादांत खोटं होतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. फ्राउ श्टायनेगरांनी वरचा शर्ट उचलून उजेडात धरला.

"चार नंबरला सांगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा सरळ नव्हता, "पडायचंच असेल तर डाव्या कुशीवर पड म्हणावं. उजवी बाजू विरत चाललीय."

"सांगते."

टोपली आत गेली. लीना तळघरात आली. मशीन अर्धं रिकामं फिरत होतं. नुसते मोजे आणि चड्ड्या. ती शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. हात मोकळे होते, आणि तिला रडू येत होतं. वर जाऊन शर्ट परत आणावेत असं दोनदा तिच्या मनात आलं. ती गेली नाही.