मागचा लाल दिवा

त्याचं नाव मला माहीत नाही, विचारायची इच्छाही नाही. रोज दिवेलागणीला भोकरच्या रस्त्यावर तो जुना छोटा ट्रॅक्टर घेऊन चहाला थांबतो. आधी गाण्याच्या डेकवरची धूळ गळ्यातल्या रुमालानं पुसतो, लेकराचं तोंड पुसावं तशी. ट्रॉलीला मागं लाल दिवा नाही. दिव्याची वायर त्यानं डेकला जोडलीय.

"दिवा का काढला?" मी एकदा विचारलंच.

"डायनामो म्हातारा झालाय, सर. बॅटरी चार्ज होईना. दिवा लावला की गाणं रडतंय."

"मागून कुणी धडकलं तर?"

"मागच्यानं बघावं की! मला काय पाठीला डोळे हायत?"

चहावाला हसला. माझं टाळकं सणकलं. त्याच रस्त्यानं माझे वडील अंधारात सायकलवर घरी येतात. त्यांनी मजुरी करून मला पदवीपर्यंत शिकवलं.

घरी सांगितलं तर वडील मलाच म्हणाले, "भांडू नको, बाबा. गाणं आईकू येतंय म्हणून तर कळतंय, म्होरं टॅक्टर हाय."

पण माझा संताप काही जाईना. फोन आला की तो गाणं बंद करतो आणि चालत्या ट्रॅक्टरवरच बोलत जातो. हे मी रोज बघून राहिलोय.