रक्ताचे डाग

काल तुमसरच्या बाजारात वाळलेल्या मासोळ्यांचा वास आला आणि मला माझीच किळस वाटली.

माझं वकिलीचं पहिलं वर्ष होतं. आरोपीच्या वकिलांकडे मी ज्युनिअर होतो. तलावाच्या ठेकेदाराने सखूबाई नावाच्या मासे धरणाऱ्या बाईचं डोकं काठीने फोडलं होतं. सहा वर्षं नुसत्या तारखा पडल्या, तेव्हा कुठे तिची साक्ष लागली. मुद्देमालातलं तिच्या साडीचं सीलबंद पुडकं उघडलं, तशी कुबट घाण पसरली. माझ्या सीनियरनी नाकाला रुमाल लावला आणि पेनाच्या टोकाने साडी उचलली.

“बाई, हे डाग मासोळीच्या रक्ताचेच ना?”

कोर्टात हशा पिकला. मीही हसलो.

सखूबाईने माझ्याकडे पाहिलं. “आमी मासोळ्या धरून जगतो, वास तर येईनच. पर हे रगत माह्या डोक्याचं हाय. तुमी हासून काहून राहिले?”

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

नंतर बाकीचे साक्षीदार फिरले आणि ठेकेदार सुटला. निकालाच्या दिवशी त्याने पेढे वाटले. सखूबाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. तिच्यासमोरून मी पेढा खात उतरलो, आणि तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.