उभ्याने नेम

उभ्याने नेम धरायला मीच त्याला शिकवलं. खडोलीच्या कारखान्यात मी मेंटेनन्सचा इंजिनीअर, तो माझ्याच हाताखालचा, धुळ्याकडचा फिटर. सिल्वासात एका जुन्या गोडाऊनमध्ये एअर रायफलची रेंज होती. रविवारी मी त्याला सोबत न्यायचो. सुरुवातीला त्याचा छर्रा टार्गेट सोडून मागच्या पत्र्यावर वाजायचा आणि मी मनापासून हसायचो. वर ऐकवायचो, "दोष बंदुकीत शोधू नकोस, पायांत शोध."

त्याने ते फारच मनावर घेतलं. रोज ड्युटीवरून आला की राखोलीच्या खोलीत भिंतीवर ठिपका काढून अर्धा तास उभा राहायचा. रायफल घरी नेता येत नसे, म्हणून लोखंडी पाइप खांद्याला लावून. डावं कोपर कमरेच्या हाडावर, श्वास अर्धा सोडलेला. सात-आठ महिन्यांत माझ्यापेक्षा चांगला मारू लागला. माझाच फिटर! रेंजवरची माणसं मला सोडून त्याला विचारायला लागली. माझा नुसता जळफळाट झाला.

कारखान्यांच्या स्पर्धेसाठी आमच्या टीममध्ये एकच जागा उरली होती. निवडीच्या सकाळी आम्हा दोघांत रेंजवरची एकच रायफल, आणि पाळी आधी माझी. माझं झाल्यावर मी नळीवरच्या, नेम धरायच्या मागच्या साइटचा स्क्रू गुपचूप चार क्लिक फिरवला आणि रायफल त्याच्या हातात दिली.

त्याचे सरावाचे छर्रे डावीकडे गेले. हा फिटर, दिवसभर स्क्रूच पिळणारा. पण त्याने साइटकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय सरकवला. पुन्हा डावीकडे. पुन्हा पाय. शेवटी अंग पिळून उभा, नळी थरथरतेय, आणि मी मागे खुर्चीत चहा पितोय. जागा मला मिळाली.

"साहेब, पायच बरोबर नई पडले माझे," तो म्हणाला. "पुरी गडबड झाली. रोज एक तास करतो आता."

पुढच्या रविवारी तसाच वाकडा उभा राहून त्याने विचारलं, "बघा ना साहेब, आता बरोबर आहे का?" उजवा पाय चांगला वीतभर मागे गेला होता. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी वाकून नीट पाहिलं आणि त्याच्या बुटाभोवती खडूने रेघ ओढून दिली.

"इथून हलायचं नाही," म्हटलं.

दोन वर्षं झाली. तो हललेला नाही.