डॉयलचं गप्प बसणं आणि सरकारचे वीस दिवस

डॉयल माझा सख्खा धाकटा भाऊ. चार वर्षांनी धाकटा, पण अक्कल जन्मभर माझीच वापरली त्याने. मी आठवीपर्यंत शिकलो, तो सहावीपर्यंत. आणि टकेट घराण्याच्या वाट्याला जेवढं बोलणं आलं होतं, ते सगळं मीच घेतलं.

काही विचारलं की डॉयल टोपी मागे सरकवणार आणि आभाळाकडे बघणार. आमच्या सॉर्गम क्रीक गावात सगळे समजायचे, नाही म्हणतोय. चर्चच्या जेवणात कुणी विचारलं, "आणखी मासा वाढू?" की हा वर बघायचा आणि मासा पुढच्या ताटात जायचा. मासा म्हणजे त्याचा जीव! उपाशी घरी यायचा बिचारा.

शेजारच्या नेव्हाचंही तसंच झालं. विधवा बाई, तोंडाची तिखट, मनाची साफ. तिने सरळ विचारलं, "डॉयल, दोन घरांत दोन चुली कशाला पेटवायच्या? लग्न करू या का?" डॉयलने आभाळ बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने दोघांच्या जमिनींच्या मधोमध पाच काटेरी तारांचं कुंपण उभं केलं!

मी त्याला म्हटलं, "तुला नको होती का ती?"

"हवी होती."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"विचार करत होतो."

अकरा वर्षं तो रोज सकाळी त्या कुंपणाकडे बघत कॉफी प्यायचा. बघवायचं नाही मला.

मग तेल कंपनीचा माणूस आला. तीन संध्याकाळी ओसरीवर बसला, रानात तेलाची विहीर खोदायला डॉयलची सही मागत राहिला, शेवटी "भलताच कडक माणूस आहे," म्हणत गेला. मी हॉटेलात सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाने कंपनीला घाम फोडला. खोटं काय त्यात?

महिन्याभरात राज्याच्या आयोगाची नोटीस आली. आमच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या रानांचा सहाशे चाळीस एकरांचा अख्खा चौकोन तेलासाठी एकत्र करायचा. विहीर एकच, कुणाच्याही रानात खोदली तरी ज्याचे जेवढे एकर तेवढा त्याचा वाटा. सही न देणाऱ्यालाही सरकार त्यात घालू शकतं. डॉयलचे चाळीस एकर त्यात, नेव्हाचे ऐंशीही त्यात.

डॉयलने कागद दोनदा वाचला. "हर्शेल, म्हणजे सरकार कुंपण मोजत नाही?"

"जमिनीखाली कुठलं आलंय कुंपण?" मी म्हटलं. हे मला सुचलं होतं, लक्षात ठेवा.

त्याने कपाटातून रविवारचा सदरा काढला. मला तेलाची काळजी, त्याला नेव्हाची.

सुनावणीला ओक्लाहोमा सिटीला मीच गाडी हाकली. आत गेल्या गेल्या आयोगाच्या साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, मी हर्शेल टकेट."

"जमीन तुमच्या नावावर आहे?"

"नाही, पण बोलणं सगळं माझ्याकडे असतं."

"बसा."

माझा हिस्सा मी बावन्न साली एका पिकअपच्या बदल्यात दिला होता. फार झकास गाडी होती.

साहेबांनी समजावलं: हुकूम निघाला की वीस दिवसांत लेखी कळवायचं. विहिरीच्या खर्चात भाग घालून पूर्ण वाटा घ्या, नाहीतर रोख रक्कम घेऊन बाजूला व्हा.

"आणि वीस दिवस गप्पच बसलं तर?"

आवाज डॉयलचा! माझ्या हातून टोपी पडली.

"तर रोख मान्य आहे असं आम्ही धरतो."

"गप्प बसणं म्हणजे नाही, असं नाही धरत?"

"नाही. होच धरतो."

डॉयल मागच्या बाकाकडे वळला. तिथे नेव्हा नोटिशीनेच वारा घेत बसली होती.

"नेव्हा, ऐकलंस? मी गप्प बसलो होतो."

"मुदत वीस दिवसांची आहे, डॉयल टकेट. तू चार हजार लावलेस."

"तू तिसऱ्याच दिवशी तारा ताणल्यास! वीस तरी द्यायचेस."

सगळं दालन हसलं. नेव्हा नाही हसली. "मग आता तोंडाने सांग. मी परत विचारायची नाही."

डॉयलने टोपी मागे सरकवली. छताकडे बघितलं. मी त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"हो," तो म्हणाला. "हो, बाई, हो!"

"हे आमच्या अखत्यारीत येत नाही," साहेब म्हणाले.

कंपनीचा वकील घाबरून विचारतो, "आणि जमिनीचं?"

"करा एकत्र," नेव्हा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉयलकडे गेलो. पाचही तारा तोडून गुंडाळून ठेवलेल्या, आणि नेव्हा त्याच्या ओसरीवर पावासारखी मऊ, गरम बिस्किटं आणि त्यांवर ओतायची ग्रेव्ही वाढत होती.

"आणखी ग्रेव्ही?" तिने विचारलं.

डॉयलने आभाळाकडे बघितलं. तिने दोन पळ्या ओतल्या.

मीही टोपी मागे सरकवली आणि गप्प बसून पाहिलं. मला कुणी वाढलं नाही.