स्टेअरिंग धरणारा उजवा खांदा

"कॉलरबोन मोडलंय. हे बघा, मधोमध." डॉक्टरांनी पडद्यावरच्या एक्स-रेवर बोट ठेवलं. गळ्याच्या खाली आडवी जाणारी पांढरी रेघ उजव्या बाजूला तुटली होती.

मी विचारलं, "मला गाडी चालवता येईल ना?"

"स्कुटी? येईल की, काही महिन्यांनी."

"स्कुटी नाही. एसटी."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तर हे हाड व्यवस्थितच जुळायला हवं."

मी सविता, मूळची मंगळवेढ्याची. लग्नानंतर सोलापुरात आले. एसटीच्या चालक प्रशिक्षणात आमच्या तुकडीत मोजक्याच बायका होत्या, त्यातली मी एक. त्या सकाळी प्रशिक्षणाला निघाले होते. मार्केट यार्डाजवळ रस्त्यावर ओल्या कांद्याच्या साली पडल्या होत्या, त्यावरून स्कुटी घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आदळले. कट् असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. उठले तेव्हा डाव्या हातानं उजवा हात आपोआप उचलून धरला होता. डॉक्टर म्हणाले, हे हाड मोडलेला माणूस बहुधा तसाच आत येतो.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी, मला जे समजलं ते सांगते. या हाडाचं वैद्यकीय नाव क्लॅव्हिकल. पुस्तकी मराठीत जत्रुक. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत ते जातं. ते सरळ नसतं, इंग्रजी एस अक्षरासारखं हलकंसं वळलेलं असतं. आपला अख्खा हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो या एकाच दुव्यानं. हात वर नेला की हे हाड जागच्या जागी थोडं फिरतंसुद्धा.

ते बहुतेक वेळा मधल्या भागात मोडतं, कारण तिथं ते बारीक असतं. त्याला मिडशाफ्ट फ्रॅक्चर म्हणतात, म्हणजे दांड्याच्या मधोमध झालेला मोड. माझा तोच. काहींचं खांद्याच्या टोकाशी मोडतं. काहींचं हाड शाबूत राहतं, पण टोकाचा सांधा निखळतो. तो एसी जॉइंट. दुखणं सारखंच वाटतं, म्हणून एक्स-रे काढायलाच हवा.

डॉक्टरांनी माझ्या मनगटाची नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली. या हाडाखालून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. बोटांना मुंग्या आल्या, हात गार पडला, दम लागला किंवा हाडाचं टोक कातडी आतून ताणू लागलं, तर क्षणभरही थांबू नका.

माझे तुकडे फारसे सरकले नव्हते, त्यामुळे प्लेट बसवावी लागली नाही. हात झोळीत अडकवला. आर्म स्लिंग म्हणतात ती हीच, हाताचा भार गळ्यावर घेणारी. घरी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या गावाकडं हाडं बसवणारा हाय की. चोळून दिल, लगीच बरं वाटल." मी म्हणाले, "आत्या, चोळून तुकडा सरकला तर मी सगळ्यालाच मुकेन." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दिराचं मात्र चालूच होतं, "वैनी, आता तरी सोडा नाद. लई जड काम हाय ते."

रात्री मी पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपत होते. कूस वळवली की डोळ्यांत पाणी यायचं. वेणी सासूबाई घालायच्या, ब्लाऊजची बाहीसुद्धा त्याच चढवायच्या. शरीर दुसऱ्याच्या हाती देणं मला हाड मोडण्याहून जड गेलं.

पुढच्या एक्स-रेत तुटलेल्या जागी धूसर पांढरं काहीतरी दिसलं. "हा कॅलस," डॉक्टर म्हणाले. "शरीर स्वतः घडवतं ते नवं हाड." एवढं ऐकून मी तिथंच रडले. वेदनेनं नव्हे.

झोळी निघाल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. हात खांद्याच्या वर जाईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी भिंतीवरून बोटं हळूहळू वर चढवायला शिकवलं. मी न चुकता रोज करत राहिले. डॉक्टर परवानगी देईपर्यंत मात्र भरलेली बादली उचलली नाही. घाई करू नका, आणि हात कायमचा जपतही बसू नका.

माझी तुकडी पुढे गेली. मी मागच्या तुकडीबरोबर पुन्हा उभी राहिले. पहिल्या दिवशी मोठं स्टेअरिंग पूर्ण वळवताना खांदा ठणकला, पण वळण बरोबर बसलं. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "पुढं घ्या." शेवटच्या चाचणीत मी पास झाले.

हाड जुळलं तिथं छोटासा उंचवटा राहिलाय. सीटबेल्ट नेमका त्याच्यावरून जातो. पदराखाली तो झाकावा असं मला कधी वाटलं नाही. तो माझ्या शरीरानं केलेला सांधा आहे.

माझी पहिली ड्युटी सोलापूर-मंगळवेढा लागली. घरी सांगितलं होतं, कुणी येऊ नका, मी गांगरेन. स्टँडवर बस लावली, तर सासूबाई पिशवी घेऊन वर चढल्या आणि माझ्या मागच्याच सीटवर बसल्या.

कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुटं?"

"ही नेईल तितं," त्या सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "डायवर माझी सून हाय."

मी आरशात पाहिलं नाही. रडू आलं असतं. पहिला गिअर टाकला.