सूर धरणारे बाबीकाका

जेवण झाल्यावर अनंत घडशी पडवीत आडवा होतो, डाव्या गालाला उशी लागणार नाही अशा बेताने. मोटारसायकलवरून पडून जबड्यात प्लेट बसवली तेव्हापासून त्या गालात मधूनच वीज चमकून जाते. सनईवाल्याला गाल फुगवायची भीती वाटू लागली तर मग राहिलं काय? शिमग्याला पालखीपुढे वाजवायचंच, असा त्याचा हट्ट आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी फिट येणाऱ्यांनाही देतात; ती दुखरी नस शांत करते, पण रोज घ्यायची. हा शहाणा मात्र कळ आली की घेतो, डोकेदुखीवर घ्यावी तशी. आज कळ नाही, म्हणून गोळीही नाही. डोळे जड होतात.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बाबीकाका बसलेत. गेल्या पावसाळ्यात वारले ते. आयुष्यभर अनंतच्या मागे बसून त्यांनी साथीच्या सनईवर नुसता एक सूर धरला. त्यावर गत, म्हणजे चाल, वाजवायचा मान पुतण्याचा.

"मला कुठे फिट येते, काका?" काकांनी न विचारताच अनंत सांगतो. "बऱ्या दिवशी कशाला घ्यायची गोळी?"

बाक आता नगारखान्यात आहे, खाली पालखी नाचतेय. काका नाकाने श्वास घेत सूर धरून आहेत, जरासुद्धा न तोडता. अनंतच्या हातात सनई आहे, पण ती तोंडाशी न्यायचा धीर होत नाही. मी वाजवत नाही, तुम्हीही थांबा, असं तो काकांना विनवतो.

काका आपली सुराची सनई तोंडातून काढतात. खाली पालखी जागच्या जागी थिजते.

"तू दम खायला थांबायचास, तेव्हा मी सूर कधी सोडला होता?" काका म्हणतात. "सोडला असता तर परत कुठे आला असतास रे? गोळीपण तशीच घे. दुखो न दुखो. आणि मला बोलायला लावू नको, पालखी खोळंबलीय."

ते पुन्हा सूर धरतात. अनंत डोळे मिटून सनईत फुंकर घालतो.

जाग येते. खालच्या ओठावर काहीतरी टोचल्यासारखं होतं. बोट लावून बघतो तर सनईच्या तोंडाशी असते त्या पत्तीचा वळ, ओला. अपघातापासून सनई पेटीत बंद आहे.

तो उठून बसतो, गोळी काढतो आणि बायकोकडे पाणी मागतो. त्याच्या हातात गोळी बघून इंदू धावतच येते.

"दुखतंय?"

"नाही," अनंत म्हणतो, आणि गोळी तोंडात टाकतो.