बोया फिरवणारा धर्माजी

रेवसच्या धक्क्याजवळच्या आमच्या कारखान्यात १९३४ साली धर्माजी कोळ्याला घेतलं ते बोया फिरवायला. खाडीच्या तोंडाशी गलबतांना वाट दाखवणारा बोया म्हणजे भलंमोठं लोखंडी पिंप, वजन वीस मण. त्याचा सांधा फुटला की वेल्डिंग करायचं. पण वितळलेलं लोखंड खाली ओघळतं, म्हणून सांधा कायम वरच्या बाजूला हवा. तेवढ्यासाठी ते धूड थोडं थोडं फिरवायचं आणि दर वेळी जागच्या जागी रोखून धरायचं. धर्माजीचं उभं आयुष्य मचवे बांधण्यात गेलेलं. "आख्खा मचवा आडवा करतो मी, ह्या पिंपाचं काय घेऊन बसलाव!" असं तो म्हणाला, आणि आम्ही शहाण्यांनी माना डोलावल्या.

त्याने दोन लाकडी घोडे केले, त्यांवर रूळ बसवले, रुळांवर बोया ठेवला आणि काथ्याच्या दोराने खांबाला बांधला. गाठ दृष्ट लागण्यासारखी. पण बांधताना त्याच्या हाताने सवयीने दोराला वीतभर ढील सोडली. मचवा धक्क्याला बांधताना कोळी ढील सोडतोच, कारण भरतीला मचवा वर चढतो आणि ताठ दोर तुटतो. बोयाच्या एका अंगाला जुनी जाड ठिगळं होती. आमचा वेल्डर दत्तात्रेय रुळावर डावा हात टेकून वाकला, तेवढ्यात ते जड अंग खाली निघालं. ढील संपेपर्यंत बोया फिरला आणि दत्तात्रेयाची दोन बोटं चिरडली.

घरी कोकिळाने, धर्माजीच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तितं काय भरती येनार व्हती?"

धर्माजी दोन दिवस जेवला नाही. मालकांनी सांगितलं, दत्तात्रेय बरा होऊन पुन्हा त्या जागी बसला तर ठीक, नाहीतर बोया मुंबईला धाडू. बोया कुठेही जावो, धर्माजीला त्याचं काही नव्हतं. त्या एका माणसाने आपल्या घोड्यापाशी निर्धास्त बसावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी त्याने माझं डोकं खाल्लं. मी तिथला लोहार. बोयाला घट्ट बसणारं लोखंडी कडं त्याने माझ्याकडून तीनदा ठोकून घेतलं. कड्याला चार चार बोटांवर भोकं, भोकातून जाडजूड खुंटी थेट खांबात. दोराचं नाव नाही.

"झालं ना आता? घाल खुंटी," मी वैतागून म्हणालो.

"खुंटीवर भरवसा मागून. आधी बोया आपला आपण उभा ऱ्हायला पायजे."

मग तो कड्याच्या हलक्या अंगाला लोखंडाचे तुकडे बोल्टने आवळत बसला. बोया फिरवायचा, सोडायचा, बघायचा. पाचव्या दिवशी बोया सोडू तिथे थांबायला लागला. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो, पण असं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

महिन्याने दत्तात्रेय आला. हाताला अजून पट्टी होती. तो घोड्यापासून दहा पावलं लांबच थांबला. धर्माजीने खुंटी घातली, खाली बसला आणि जिथे ती बोटं चिरडली होती तिथेच रुळावर स्वतःचा हात ठेवला.

"ढकल," तो म्हणाला.

"दादा, हात काढा."

"न्हाय. पहार घे नि ढकल."

दत्तात्रेयाने पहार कड्याला लावली आणि महिनाभराचा सगळा राग तिच्यावर काढला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर दातओठ खाऊन. बोया तसूभरही हलला नाही.

त्याने पहार भिंतीला टेकवली. "काढा हात आता," तो म्हणाला, "मला बसायचं हाय तितं."

धर्माजीने हात काढला, आणि थोडा बाजूला सरकला. तेव्हा दत्तात्रेय त्याच्या शेजारीच बसला आणि धरायला म्हणून वेल्डिंगच्या गॅसची नळी त्याच्या हातात दिली.